सुरमईचे नामकरण

आम्ही जिला सुरमई म्हणतो, गोव्यात जिला इसवण आणि मंगळूरकडे अंजल म्हणतात, तिच्या शास्त्रीय नावात कोमर्सन हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दडला आहे. बूगेनव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सामील झालेला हा गृहस्थ १७६८ साली मॉरिशसला उतरला आणि १७७३ मध्ये तेथेच निवर्तला. त्याची हस्तलिखिते व चित्रे मात्र पॅरिसला पोहोचली. त्यांच्या आधारे लासेपेदने १८०० साली या माशाचे वर्णन छापले आणि त्यास दिवंगताचे नाव दिले. हा उमदेपणा आम्हांस भावतो. कारण टिपण एकाचे आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार दप्तरांत आयुष्य घालविलेल्यांना नवा नाही. तरीही गळाला झुंजविणारी ही चपळ मासळी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे आमचे कोळी-खारवी त्या नोंदीत कोठेच नाहीत. बाजारात मात्र शब्द चालतो तो त्यांचाच.