अंगणात शेकोटी पेटवताय? आधी हे नियम वाचा

परभणी : डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यात पहाटेचा गारठा झोंबतो. पऱ्हाट्या, तुराट्या हाताशी असतातच, त्यामुळे गावोगाव शेकोट्या पेटतात. पण याच दिवसांत गोठ्याजवळ कडब्याची गंजी आणि घरात वेचलेला कापूस असतो. एक ठिणगी पुरते.

कायदा काय सांगतो?

ऊब घेण्यासाठी स्वतःच्या अंगणात छोटी शेकोटी पेटवली म्हणून गुन्हा होत नाही. मात्र आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 लागू शकतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 2 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी कुणी भाजलंच पाहिजे असं नाही.

शेकोटीत कचरा, प्लास्टिक, टायर टाकू नका. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी बंदी घातली. दंड 5 हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25 हजार. फवारणीचे रिकामे डबे तर मुळीच नको, धूर विषारी असतो.

राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हा आहे. जिंतूरसारख्या भागात वनालगत शेत असणाऱ्यांनी आणि गुराख्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेकोटी पेटवताना

- गंजी, गोठा, छप्पर आणि विजेच्या तारांपासून लांब जागा निवडा. वारा गंजीकडे वाहत असेल तर पेटवूच नका.
- वीतभर खड्डा करून कडेने दगड लावा. पाण्याची बादली जवळ ठेवा.
- रॉकेल, पेट्रोल ओतू नका. भडका अंगावर येतो.
- पदर, शाल आवरून बसा. लेकरांना एकटं सोडू नका.
- निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.
- उठताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. गरम राख उकिरड्यावर टाकू नका.

दुर्घटना घडली तर

भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई लावू नका. रुग्णवाहिकेसाठी 108, आगीसाठी 101 किंवा 112 वर फोन करा. नुकसान झाल्यास फोटो काढून ठेवा, तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन होईपर्यंत ते पुरू नका.