डॉ. कोटणीसांचे गाव आणि चीनची सीमा

चीनमध्ये सोलापूरचे नाव पोचले ते चादरीमुळे नव्हे, एका डॉक्टरमुळे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०चा. मुंबईत डॉक्टरकी शिकलेला हा तरुण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून बोटीने निघाला. जपानने चीनवर आक्रमण केले होते. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. देशभर वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टर रवाना झाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस.

आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. ना आपले सैन्य, ना आपले परराष्ट्र खाते. तरीही त्या काळच्या पुढाऱ्यांना वाटले, की शेजाऱ्याचे घर जळत असताना आपण हात बांधून बसू नये. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणाचे हे एक प्रकारे पहिले पाऊल होते.

मी कवी माणूस. लष्करी डावपेच मला कळत नाहीत, पण नावांकडे माझे लक्ष जाते. या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावापुढे 'हुआ' हे अक्षर जोडून घेतले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. एका तान्ह्या मुलाच्या नावात दोन देश मावले होते! पण मूल जेमतेम काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी कोटणीस गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला.

पुढचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. पंचशील त्याच करारातले. त्याची मुदत आठ वर्षांची होती. १९६२च्या जूनमध्ये ती संपली, कराराचे नूतनीकरण झाले नाही आणि २० ऑक्टोबरला चिनी फौजा आत घुसल्या. कोटणीसांना जाऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला बोलावून संरक्षणमंत्री केले गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अजून अभिमानाने म्हणतो. पण यशवंतरावांचे खरे काम त्या घोषणेपेक्षा मोठे आहे. त्यांनी डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन उभ्या करायला घेतल्या, संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली. मैत्रीची भाषणे सीमा राखत नाहीत, आणि नुसता रागही राखत नाही. त्यासाठी रस्ते लागतात, गरम कपडे लागतात, वर्षानुवर्षांची तयारी लागते.

१९९६ मध्ये दोन्ही देशांनी प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे ठरवले. तरीही १५ जून २०२०च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात दगड आणि दंडुक्यांनी झुंज झाली. आपले २० जवान शहीद झाले. त्याच वर्षी चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात, कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेबाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिल्याची बातमी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला, पण सीमेचा मूळ प्रश्न तसाच आहे.

चिनी नेते भारतात आले, की कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटतात. हू जिंताओ २००६ मध्ये भेटले, शी जिनपिंग २०१४ मध्ये भेटले. ही कृतज्ञता खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण कृतज्ञता म्हणजे परराष्ट्र धोरण नव्हे. २०१४च्या त्याच भेटीच्या दिवसांत लडाखमध्ये चुमारला दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती.

आणि आता सीमा फक्त हिमालयात राहिलेली नाही. ती औषधाच्या दुकानातही आहे. १९५४ मध्येच, पंचशीलाच्या वर्षी, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. हेतू हा, की पेनिसिलिनसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडले. आज आपण औषधांचा जो कच्चा माल आयात करतो, त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक चीनमधून येतो. २०२० नंतर सरकारने प्रोत्साहन योजना आणली आणि हे उत्पादन पुन्हा देशात सुरू होऊ लागले आहे. ज्या गावाने चिनी जखमींसाठी डॉक्टर पाठवला, त्या गावच्या आजाऱ्याची गोळी चीनच्या मर्जीवर अवलंबून राहावी, हे बरे नव्हे. चीनशी २०२४-२५ मधली आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. हा आकडा सैनिकांच्या संख्येइतकाच सुरक्षेचा आहे.

मग कोटणीसांचे काय करायचे? काहींना वाटते, की चीनशी वैर आहे तर ही आठवण कशाला? मला ते पटत नाही. आमच्या घरी ईदला शेजारी शिरखुर्मा जायचा, आणि रात्री अम्मी दाराला कडीही लावायची. तिला या दोन गोष्टींत कधी विरोध दिसला नाही. मोठ्या होणाऱ्या देशालाही हे दोन्ही एकाच वेळी जमले पाहिजे. कडी विसरलो, तर १९६२ होते. शिरखुर्मा विसरलो, तर ज्या वृत्तीने पारतंत्र्यातल्या गरीब देशाने परक्या जखमींसाठी वर्गणी काढली, ती वृत्तीच हरवेल.

भैय्या चौकात कोटणीसांचे स्मारक आहे. मुलांना तिथे जरूर न्यावे. त्यांना येनान कुठे आहे ते नकाशावर दाखवावे, आणि त्याच नकाशावर गलवानही दाखवावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)