वाकडा कणा: मागून आणि बाजूने

पाठीचा कणा डावीउजवीकडे कलतो आणि कलताना स्वतःभोवती पीळही घेतो, त्या विकृतीला स्कोलिओसिस म्हणतात. पीळ पडल्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात, खांदे वरखाली दिसतात. नेमके कारण न सापडणारा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि मोठी वक्रता मुलींमध्ये अधिक दिसते. मूल वाढत असेपर्यंत कमरपट्टा वक्रता रोखू शकतो. सतराअठरा वर्षांनंतर हाडांची वाढ थांबली, की पट्ट्याचे काम संपते. त्यानंतर कणा सरळ करायचा, तर शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो.

कणा ताणला की सरळ होईल, ही कल्पना जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण कुब्जेच्या पावलांवर पाय दाबतो, हनुवटी दोन बोटांनी वर उचलतो आणि तिचा देह सरळ होतो. ग्रीसमध्ये रोग्याला शिडीला बांधून वरून आदळत, पण हा प्रकार गर्दी जमवण्यापुरताच आहे असे खुद्द हिप्पोक्रेटिसचे मत होते. 1839 च्या सुमारास पॅरिसच्या ज्यूल गेरँ यांनी पाठीचे स्नायू कापून वक्रता घालवल्याचा दावा केला. माल्गेन या सहव्यावसायिकाने तो खोडून काढला आणि वाद कोर्टात गेला. कणा क्षणभर सरळ करता येई. तो तसाच राहावा कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तराचा पहिला भाग क्षयरोगाने दिला. न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी 1911 मध्ये क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांशी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मणक्यांच्या मागील भागातील हाड सोलून, त्याचे तुकडे बसवून, अनेक मणक्यांचे एकच हाड बनवायचे. 1914 मध्ये त्यांनी हीच रीत स्कोलिओसिसला लावली. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर महिनोन्‌महिने प्लास्टर असे, रोगी बिछान्याला खिळलेला. 1941 मध्ये अमेरिकन अस्थिरोग संघटनेने 425 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा निकाल निराशाजनक निघाले: जोड बसलेला नसे, किंवा मिळालेली सुधारणा हळूहळू निसटे. 1948 मध्ये जॉन कॉब यांनी एक्स-रेवर वक्रतेचा कोन मोजण्याची पद्धत रूढ केली. ती आजही चालते. 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस धरतात. सोय मोठी झाली, पण एक सवयही लागली. कॉबचा कोन समोरून किंवा मागून काढलेल्या चित्रावर मोजतात, आणि यापुढची काही दशके शस्त्रक्रियेचे यश त्या एका आकड्यात बघितले गेले.

दुसरा भाग पोलिओने दिला. अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने कणा कोसळलेली मुले येऊ लागली. अशा मुलांना छातीभर प्लास्टर घालणे म्हणजे आधीच दुबळा श्वास आणखी कोंडणे. हॅरिंग्टन यांनी वरच्या आणि खालच्या मणक्यात हुक अडकवून त्यांमध्ये पोलादी रॉड बसवला. रॉडवरचे दाते एकेक करून सरकवले की कणा ताणला जाई. सुरुवातीला नुसता रॉड बसवला जाई आणि तो मोडे. मग त्याला हिब्ज यांच्या हाडजोडणीची साथ दिली गेली. 1962 मध्ये त्यांचा 129 रुग्णांवरचा लेख आला आणि पद्धत जगभर गेली.

महाराष्ट्रात अपंग मुलांसाठी अस्थिरोग उपचारांची संघटित व्यवस्था उभी राहण्यामागेही पोलिओच होता. फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली; तिचे मुलांचे रुग्णालय पुढे हाजी अलीला उभे राहिले. येथील वॉर्डांत क्षयाने आलेले कुबडही नेहमीचे होते. हिब्ज आणि हॅरिंग्टन यांना वाट दाखवणारे दोन्ही रोग भारतीय सर्जनच्या रोजच्या कामातलेच होते.

मेक्सिको सिटीचे एदुआर्दो लुके यांची अडचण तर इकडच्या डॉक्टरांना लगेच उमगावी अशी आहे. त्यांचे गरीब रुग्ण दुरून येत, उन्हात प्लास्टर सोसत नसत, पुन्हा तपासणीलाही येत नसत. म्हणून लुके यांनी 1970 च्या दशकात दर मणक्याखालून तार ओवून ती रॉडला आवळली आणि प्लास्टरच टाळले. तार मज्जारज्जूजवळून जाते, त्यामुळे धोका वाढला. त्याच काळात, 1973 मध्ये, फ्रान्समध्ये स्ताग्नारा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या मध्यात भूल हलकी करून रोग्याला पाय हलवायला सांगण्याची चाचणी वर्णन केली. आता हे काम मुख्यतः नसांतील विद्युत्‌संदेश मोजणारे यंत्र करते.

यानंतर हॅरिंग्टनच्या रॉडची खरी किंमत दिसू लागली. निरोगी कणा मागून सरळ असतो, बाजूने नव्हे. कमरेत त्याला आत वळलेला बाक असतो. ताणाचा रॉड कमरेपर्यंत नेला की तो बाक सपाट होई. पंधरासोळाव्या वर्षी ‘सरळ’ झालेल्या मुली चाळिशीत पुढे झुकू लागल्या आणि उभे राहण्यासाठी गुडघे वाकवू लागल्या. एक्स-रेवर कोन उत्तम आणि पेशंट बेजार, अशी ही अवस्था होती. 1983-84 पासून फ्रान्सच्या कोत्रेल व द्युबूसे यांनी दोन रॉड आणि अनेक हुक वापरून कणा नुसता न ताणता बाजूने दिसणारा बाक राखणारी रचना आणली. 1995 मध्ये कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही थेट स्क्रू बसवून अधिक भक्कम पकड मिळवली.

प्रौढांत अडचण अशी की वक्रता ताठरलेली असते. नुसती पकड भक्कम असून ती सुटत नाही. मग मणक्यांमागचे सांधे कापून जागा करावी लागते. तेवढ्याने भागले नाही, तर मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढून कणा मागे मिटतात. डेन्मार्कच्या थॉमसेन यांनी 1985 मध्ये वर्णन केलेल्या या शस्त्रक्रियेने एका मणक्यात साधारण 30 अंश मिळतात. रक्तस्राव मोठा, नसांना इजा होण्याची भीती खरी, आणि ठिसूळ हाडात स्क्रू सुटतातही. 2005 मध्ये ग्लासमन व सहकाऱ्यांनी दाखवले, की धड जितके पुढे झुकलेले, तितका प्रौढांचा त्रास जास्त.

शस्त्रक्रिया कोणाला नको, हेही याच काळात कळले. अमेरिकेतील आयोवात वाइनस्टाइन आणि पोन्सेटी यांना 1983 मध्ये आढळले, की 30 अंशांखालची वक्रता वाढ संपल्यावर सहसा वाढत नाही; छातीतली 50 अंशांवरची मात्र वर्षाला सुमारे एक अंशाने सरकू शकते. तेथील उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षांचा पाठपुरावा 2003 मध्ये आला. त्यांना पाठदुखी अधिक होती, पण बहुतेकांचे संसार आणि नोकऱ्या व्यवस्थित चालल्या होत्या.

शस्त्रक्रिया हवी की नको, हे ठरवण्याची सुरुवात आता घराजवळच होऊ शकते. उदाहरणार्थ, नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या भागात अस्थिरोगतज्ज्ञांचे दवाखाने मुबलक आहेत. विशी-तिशीतला रुग्ण बहुधा प्रथम अशाच दवाखान्यात पोहोचतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी मुंबई-पुणे गाठावे लागे, आता कण्याची कामे नाशिकमध्येही होतात. तपासणीत मानेपासून खुब्यापर्यंतचा एक्स-रे उभ्याने, समोरून आणि बाजूने असा दोनदा काढतात. वाकून काढलेल्या चित्रांवरून ताठरपणा ठरतो. वक्रता 50 अंशांच्या आसपास किंवा पुढे असेल, ती वाढत असेल, किंवा दुखणे इतर उपायांनी आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. श्वसनक्षमता, हाडांची घनता आणि तंबाखूचे व्यसन हेही तेव्हाच तपासतात, कारण तंबाखूने मणक्यांचा जोड बसण्यात अडथळा येतो.