मुलींच्या शाळेची वाट

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा म्हणून आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

१८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई फुले शिकवायला निघाल्या की लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल टाकीत, खडेही मारीत. म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत व शाळेत गेल्यावर ते नेसत. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण त्या लुगड्याचा विचार आपण करीत नाही. मळलेले लुगडे रोज घरी येई, तरी जोतीरावांनी ‘आता पुरे’ म्हटले नाही! मला यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण केले. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेस जाताना लोक खिडक्यांतून डोकावत, असे त्यांनी त्यात सांगितले. पस्तीस वर्षांत शेण गेले व टवाळी आली, इतकेच.

आमच्या पूर्व भागातही १९९३ च्या सुमारास शाळेच्या वाटेवर टोळके उभे राही. एका मैत्रिणीने धीर करून घरी सांगितले. टोळक्याला कोणी जाब विचारला नाही. आळीतल्या चौघींची शाळा मात्र सुटली. त्यांत मी एक. पुढच्याच महिन्यात मांडीवर विडीचे सूप आले.

मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ साली झाला. गुन्हा कळूनही शाळाप्रमुखाने तो पोलिसांस कळविला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मार्च २०२२ मध्ये सरकारने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमण्याचा हुकूम काढला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाला, आणि तक्रारीस गेलेल्या आईला पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली.

या समितीत पालक स्त्रियांनाही जागा आहे. ज्यांच्या लेकी, नाती शाळेत जातात त्यांनी विचारावे, समितीत बाया कोण आहेत, तक्रारपेटी कधी उघडतात, किल्ली कोणापाशी असते. लहान मुलांच्या मदतीचा फोन १०९८ हाही घरात लिहून ठेवावा. माझी धाकटी नववीत आहे. पालकसभेत मी किल्लीचे विचारले, तेव्हा ती शिपायापाशी असल्याचे कळले. दिवाळीनंतर ती एका शिक्षिकाबाईंकडे दिली आहे.