दिवेलागण, परवचा आणि भोंगा

विजेचे दिवे येण्यापूर्वी महाराष्ट्रातील साक्षर घरांत मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासाची वेळ घड्याळ नव्हे, तर देवापुढचा दिवा ठरवीत असे. दिवा लागला की हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची आणि तिला जोडूनच परवचा, म्हणजे पाढे, वार, तिथी, महिने व नक्षत्रे यांची मोठ्याने उजळणी, सुरू करायची, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असे की बसावे की टाळावे या विचाराला मध्ये फटच उरत नसे. परवचेत पूर्णांकांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनपट, असे अपूर्णांकांचे पाढेही असत, कारण शेर-पायलीच्या मापांत आणि रुपये-आणे-पैच्या हिशेबात त्यांची रोज गरज पडे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे रूढ झाली आणि औटकीचे व्यावहारिक कारण संपले.

या प्रथेचे गोडवे गाताना ती कोणाची होती हे मात्र विसरता येत नाही. उदाहरणार्थ, मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे तेव्हा शेतीवर जगणारे गाव होते. अशा गावातील शेतकरी घरांत दिवेलागण म्हणजे गुरे गोठ्यात बांधण्याची, धारा काढण्याची आणि चूल पेटवण्याची वेळ होती, तेव्हा तोच दिवा मुलांना, आणि मुलींना तर अधिकच, पाढ्यांकडे नव्हे तर कामाकडे बोलावीत असे. खूण एकच होती, पण तिच्यामागे घर काय करते यावर तिचा अर्थ ठरत होता.

१९९० च्या दशकापासून हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि शेजारच्या माणपर्यंत पसरले. तेथील अनेक कामे अमेरिका व युरोपातील ग्राहकांच्या वेळेला बांधलेली असल्याने दिवस मावळल्यावर आईवडिलांच्या बैठका सुरू होतात. दिवे तर दिवसाही जळतात. त्यामुळे संध्याकाळ ही खूणच पुसट झाली.

मानसशास्त्राने या खुणेचे महत्त्व उशिरा, पण नेमके मांडले. पीटर गोलविट्झर या जर्मन संशोधकाने १९९९ च्या लेखात दाखवले की ‘अभ्यास करीन’ या मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की अमुक करीन’ असा प्रसंगाला जोडलेला निश्चय अधिक वेळा तडीस जातो, कारण प्रसंग समोर आला की कृती आपोआप आठवते आणि दरवेळी नव्याने मन वळवावे लागत नाही. परवचेमागचे तत्त्व याहून फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच की तेथे निश्चय मुलाचा नसून घराचा होता, आणि तेच तिचे बळ होते.

हे बळ सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये नव्या रूपात वापरले. कोरोनाच्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांच्या निमित्ताने हातात आलेला मोबाइल मुले शाळा सुरू झाल्यावरही सोडेनात, तेव्हा ऑगस्टमधील ग्रामसभेत ठरले की रोज सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत टीव्ही व मोबाइल बंद राहतील. येथे बंधन केवळ मुलांवर नव्हते. पालकांनाही पडदे मिटावे लागले, आणि योजनेतील हाच भाग सर्वांत मोलाचा होता.

हिंजवडीत मात्र तोच भोंगा उपयोगी पडणार नाही, कारण सातच्या सुमाराला तेथील अनेक पालक शेजारच्या वाकडच्या रस्त्यावर वाहतुकीत अडकलेले किंवा परदेशी ग्राहकाशी बोलत असतात. अशा घरांत खूण घड्याळावर नव्हे तर रोज हमखास घडणाऱ्या प्रसंगावर, उदाहरणार्थ रात्रीची ताटे उचलण्यावर, बसवणे अधिक व्यवहार्य ठरते, मात्र त्या क्षणी मोठ्यांचा मोबाइलही बाजूला पडला पाहिजे.