मोजपट्टीची उलटतपासणी

नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. एवढ्याशा गणिताला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात मोठा मान मिळाला. त्यातून येणाऱ्या आकड्याला नासिकांक म्हणतात. हर्बर्ट रिस्ली या सनदी अधिकाऱ्याने बंगालमधल्या जातीजमातींची मापे घेतली, १८९१ मध्ये ती ग्रंथरूपाने छापली आणि त्यावरून सिद्धान्त मांडला की, जातीची पायरी जसजशी उंच, तसतसे नाक निमुळते. म्हणजे जात हा मुळात वंशभेदच. पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्तपदही रिस्लींकडेच आले आणि एका अधिकाऱ्याचे अनुमान सरकारी शहाणपण होऊन बसले. मुंबईत १८८६ पासून अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी होती. तिथे अधिकारी आणि जीवनजी जमशेदजी मोदींसारखे पारशी विद्वान चालीरीतींवर निबंध वाचत. पण हे सारे काम कचेरीचे किंवा हौसेचे होते. मानवशास्त्र हा वर्गात बसून, गुरूकडून शिकून, पदवीसाठी अभ्यासायचा विषय झाला तो विसाव्या शतकात. त्यानंतर काय घडले, याचे एक ठरीव उत्तर नेहमी दिले जाते. साहेबाने शास्त्र आणले, आपल्या विद्वानांनी ते गिरवले आणि मापे घेण्याचा कॅलिपर गोऱ्या हातातून सावळ्या हातात गेला, एवढेच. मराठी मुलखातून हा विषय शिकायला गेलेल्या तीन विद्यार्थ्यांची कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. तिघांनीही गुरुजनांची साधने वापरली. त्या साधनांनी त्यांनी तपासले ते त्याच शास्त्राचे गृहीतक: जात ही शरीरात लिहिलेली असते का?

पहिला विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. ते कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले होते, पण ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर एक निबंध वाचला. सत्र घेणारे अलेक्झांडर गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी मोजून, जे माप पिढ्यान्‌पिढ्या स्थिर मानले जात होते तेच एका पिढीत बदलते, हे बोआस यांनी थोड्याच वर्षांपूर्वी दाखवले होते. वंशाचे कोडे शरीरापेक्षा समाजात शोधायला शिकवणारी ही हवा होती. पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी रिस्ली, नेसफिल्ड, सेनार या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या १९०९ मधल्या ग्रंथाला त्यांनी विशेष मान दिला. मराठी ज्ञानकोशामुळे घरोघरी माहीत झालेले केतकर त्याआधी अमेरिकेत जातीच्या इतिहासावर लिहून गेले होते, हे आज सहसा आठवले जात नाही. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्माने मिळते आणि बाहेर लग्न करता येत नाही. आंबेडकरांनी दाखवले की ही दोन लक्षणे नाहीतच. बाहेर बेटीव्यवहार बंद केला की आत फक्त जन्मानेच येता येणार. म्हणजे जातीचे मूळ एकच, अंतर्विवाह. आणि अंतर्विवाह टिकवायचा तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई जास्तीची ठरते. बायको मेली की पुरुष जास्तीचा ठरतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचा उगम त्यांनी या हिशेबात शोधला. जे लोक रक्ताने आधीच मिसळलेले आणि संस्कृतीने एक होते, त्यांचे तुकडे नंतर पाडले गेले, हा त्या निबंधाचा गाभा आहे. नाकाच्या मापाला त्यात कारण म्हणून जागाच उरत नाही.

दुसरे विद्यार्थी मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. घुर्ये तिथून केंब्रिजला गेले, रिव्हर्स आणि त्यांच्या निधनानंतर हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे शिकले आणि १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. विभागाचे नाव समाजशास्त्र असले तरी शिकवणीचा पाया मानवशास्त्राचा होता. एम. एन. श्रीनिवास यांच्यापासून अ. र. देसाईंपर्यंत पुढची मोठी पिढी तिथेच घडली. १९३२ च्या आपल्या ग्रंथात घुर्यांनी रिस्लींचेच आकडे प्रांतवार मांडून पाहिले. उत्तर हिंदुस्थानच्या गंगाकाठच्या प्रदेशात मापांची उतरंड आणि जातीची उतरंड बऱ्याच अंशी जुळते, असे त्यांना आढळले. मुंबई इलाखा आणि इतर प्रांतांत मात्र ती जुळत नाही. तिथला ब्राह्मण मापाने दूरच्या ब्राह्मणापेक्षा शेजारच्या इतर जातींच्या जवळ जातो. रिस्लींनी अखिल भारतीय नियम म्हणून जे सांगितले, ते एका पट्ट्यापुरतेच निघाले. सोळा वर्षांनी, १९४८ मध्ये, अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात आंबेडकरांनी घुर्यांची हीच कोष्टके पुढे घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांची नासिकांक शेजारी ठेवून, मानवमितीवर भरवसा ठेवायचाच तर दोघे एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष काढला. वाक्यातली ‘भरवसा ठेवायचाच तर’ ही अट महत्त्वाची आहे. समोरच्याच्याच साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेणाऱ्या बॅरिस्टरची ती अट आहे.

तिसऱ्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. घुर्यांकडे चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध लिहून १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते आणि पुढे नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू विशेष असमान असाव्यात आणि त्या असमानतेचा संबंध त्याच्या बुद्धीशी असावा, अशी त्यांची अटकळ. इरावतीबाईंना विषय मिळाला तो हाच, आणि तपासायला मिळाल्या त्या संस्थेच्या संग्रहातील कवट्या. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून गोळा केलेल्याही होत्या. त्यांनी मापे घेतली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असे लिहून दिले. परक्या देशातली एक विद्यार्थिनी पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून आहे त्याच्याच अटकळीला आकड्यांनी नाही म्हणते, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नाही.

पण खरे काम पुण्यात झाले. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि इरावतीबाई तिथे दाखल झाल्या. शेजारच्या विभागात पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया होते. गुजरातेतल्या लांघणजच्या उत्खननात सापडलेल्या प्रागैतिहासिक सांगाड्यांच्या अभ्यासात बाई सहभागी झाल्या. जिवंत माणसांची मापे घेण्यासाठी त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. मात्र त्यांचा मोजायचा घटक बदलला होता. रिस्लींनी ‘ब्राह्मण’, ‘कुणबी’, ‘कुंभार’ अशी ढोबळ नावे घेऊन सरासरी काढली होती. इरावतीबाई विचारीत ते वेगळेच: मुलगी कुठे देता आणि सून कुठून आणता? या प्रश्नापुढे ‘कुंभार’ नावाची एक जात उरत नाही. थोरचाके आणि लहानचाके यांची चाके वेगळी, हातघड्यांची घडण वेगळी, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. ब्राह्मणांचेही तेच. कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली आणि १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. दर्जा एक, वर्ण एक, पण शरीराच्या मोजमापांत गट निरनिराळे. म्हणजे वर्णाच्या पायरीवरून माणसाच्या देहाबद्दल काही सांगता येत नाही. रिस्लींच्या गणिताचा उरलासुरला आधार इथे निखळला. १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरील ग्रंथात कवटी जवळजवळ मागे पडली आहे. तिथे भारताचे विभाग पडतात ते नात्यांच्या शब्दांवरून आणि सोयरिकीच्या नियमांवरून. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत मामा-भाचीचेही चालते, आणि मधल्या महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात, आत्याची मात्र टाळतात. ‘वंश कोणता’ हा प्रश्न मिटून ‘सोयरीक कोणाशी’ हा प्रश्न उभा राहिला. हेच या अर्ध्या शतकाच्या शिकवणीचे सर्वांत मोठे फलित.

यावर पहिला आक्षेप असा की, मी तीन वेगवेगळी माणसे एका माळेत ओवतो आहे. घुर्यांनी गंगाकाठी रिस्लींना मान्यता दिली आणि जातिव्यवस्था तिथल्या ब्राह्मणांनी घडवून इतरत्र पसरवली असे मानले. इरावतीबाईंनी तर घुर्यांच्याच विरुद्ध भूमिका घेतली. एका समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या हे त्यांना पटत नव्हते. मुळात वेगळे असलेले गट शेजारी येऊन, वेगळेपण राखून एका व्यवस्थेत बसवले गेले, असे त्या १९६१ च्या ग्रंथात मांडतात. आंबेडकरांच्या तुकडे पाडण्याच्या सिद्धान्ताशीही हे जुळत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझे म्हणणे ढासळत नाही. तिघांचे उत्तर एक नाही, प्रश्न एक आहे, आणि तिघांनीही तो शरीराकडून विवाहाकडे वळवला. शिवाय इरावतीबाईंच्या आकड्यांवरून वाद निकालात निघतो, असेही नाही. आज दोन गटांची मापे वेगळी दिसतात यावरून ते मुळातच वेगळे होते असे ठरत नाही. दार बंद करून कित्येक पिढ्या आतल्या आतच लग्ने केली तरी मापे हळूहळू दूर जातात. फरक हा अंतर्विवाहाचे कारण आहे की परिणाम, हे कॅलिपर सांगू शकत नाही. त्यासाठी काळाचा पुरावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वंशाचा सिद्धान्त खोडायला वंशाचीच मोजपट्टी वापरली, तर मोजपट्टीची प्रतिष्ठा वाढत नाही का? इरावतीबाई अखेरपर्यंत मापे घेत राहिल्या, वंशाची परिभाषाही त्यांनी सोडली नाही, आणि पोटजातींचे जैविक वेगळेपण अधोरेखित केल्याने जात ही निसर्गदत्तच आहे असा समज दृढ होऊ शकतो. हा धोका मान्य केलाच पाहिजे. पण त्या काळी कचेरीत, जनगणनेत आणि शिकलेल्या लोकांच्या डोक्यात आकडाच प्रमाण होता. आकडा नाकारणाऱ्याला लोक भावनाप्रधान म्हणून बाजूला सारत. आकड्याला आकड्याने दिलेले उत्तर बाजूला सारता येत नव्हते. या आक्षेपातला न सुटणारा भाग वेगळाच आहे: ज्यांची नाके मोजली गेली ते वर्गात कुठे होते? डेक्कन कॉलेज असो की मुंबईचा विभाग, मोजणारे बहुधा वरच्या जातींचे आणि मोजले जाणारे बहुतेक इतर. घुर्यांनी १९४३ मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवले, तेव्हा त्या चर्चेत आदिवासी विद्यार्थ्याचा आवाज नव्हता. म्हणूनच १९१६ च्या निबंधाचे मोल वेगळे आहे. रिस्लींच्या उतरंडीत ज्याला तळाशी बसवले होते, तो स्वतः त्या दिवशी विद्यार्थ्याच्या बाकावरून उठून बोलत होता. आंबेडकरांनी जातीचा उगम स्त्रीच्या देहावर लादलेल्या नियमांत शोधला, वंशात नाही. त्यांना तो तिथे दिसला यात आश्चर्य वाटायला नको, कारण उतरंड खालून पाहणाऱ्याला पायऱ्यांचे जोड स्पष्ट दिसतात.

कॅलिपरला न देता आलेला काळाचा पुरावा अलीकडे जनुकांतून मिळू लागला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतीय उपखंडातील लोकसमूहांत सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी व्यापक मिश्रण झाले आणि त्यानंतर ते थांबून अंतर्विवाह रूढ झाला. आधी मिसळण, मग दार बंद, हा क्रम न्यूयॉर्कच्या चर्चासत्रात मांडलेल्या क्रमाशी जुळतो. इरावतीबाईंनी जपून मोजलेले लहान लहान अंतर्विवाही गट याच दारांमागचे. अर्थात जनुकांनाही नव्या नासिकांकाचे रूप देता येईल, आणि रक्ताच्या शुद्धतेचे दावे करणारे तसे करायला टपलेले असतातच. म्हणून मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला रिस्लींचे कोष्टक, १९१६ चा निबंध, १९३२ मधली घुर्यांची फेरमांडणी आणि बर्लिनचा प्रबंध एकाच आठवड्यात वाचायला द्यावेत. त्यातून विद्यार्थ्याला कळेल की या विषयाचा वारसा मोजण्यात जेवढा आहे, तेवढाच मापाला जाब विचारण्यात आहे, आणि तो जाब विचारायची सुरुवात आपल्याकडे विद्यार्थ्यांनीच केली.