आलयविज्ञान आणि मिशिमांची कादंबरी-मालिका
युकिओ मिशिमा यांनी १९६५ ते १९७० या काळात लिहिलेल्या ‘सुपीकतेचा सागर’ या चार कादंबऱ्यांच्या मालिकेतील पुनर्जन्माची कल्पना अकराव्या शतकातील ‘हामामात्सु चुनागोन मोनोगातारी’ या दरबारी कथेवरून सुचलेली असली, तरी तिला तात्त्विक आधार मिळाला तो होस्सो पंथाचा. हा पंथ म्हणजे असंग व वसुबंधू यांच्या योगाचार विचाराची, सातव्या शतकात चीनमार्गे जपानला पोहोचलेली शाखा होय. बौद्ध मत आत्मा मानत नाही, मग पुन्हा जन्मते ते काय, या जुन्या पेचाला योगाचाराने दिलेले उत्तर म्हणजे आलयविज्ञान, अर्थात कर्मांची बीजे साठवणारा, तरीही क्षणोक्षणी बदलत वाहणारा जाणिवेचा तळप्रवाह. मिशिमांनी १९६७ मध्ये भारताचा प्रवास केला आणि तिसऱ्या कादंबरीत वकील होंडा याला वाराणसी व अजिंठा येथे आणले. त्या कादंबरीतील तत्त्वचर्चेची पाने कथेला जड होतात, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि अंगावरील तीन तिळांवरून एकाच व्यक्तीचे पुढचे जन्म ओळखू पाहणारा होंडा वकिलाला शोभेल असा पुरावा जमवत जातो, आणि अखेरीस होस्सो मठाची प्रमुख झालेली सातोको आपल्या पूर्वीच्या प्रियकराची, म्हणजे ज्याचे पुढचे जन्म होंडा शोधत होता त्याच व्यक्तीची, ओळखच नाकारून त्या पुराव्याचा आधार काढून घेते.